दोन खांब आणि थोरले भाऊजी

चष्म्यांचं दुकान लवकर बंद करून चष्मेवाल्यानं बायकोला नाटकाला नेलं, ते मध्यंतरात तिला आइस्क्रीम देऊन एक गोष्ट सांगायची म्हणून. थोरल्या भावाला त्यानं फोनवर "कायमचाच ये" असं सांगून टाकलं होतं. घर दोन खोल्यांचं आणि भाऊ ट्रम्पेट वाजवणारा.

पण नाटक निघालं ऐनवेळी रचायचं. मध्यंतराच्या आधीच नटांना प्रेक्षकांतले दोन खांब हवे झाले आणि पहिल्या रांगेतल्या या जोडप्याला त्यांनी वर चढवलं. एक डावीकडे, एक उजवीकडे. खांबानं जागचं हलायचं नाही. वाक्य अडलं की नट खांद्यावर थाप मारणार. खांबानं मनात येईल ते बोलायचं आणि नटानं ते खरं मानून पुढं जायचं.

"म्हणजे सगळं घरच्यासारखंच, खरं मानायचं तेवढं नवीन," बायको म्हणाली. लोक आतापासूनच हसायला लागले.

"अगं, ऐकलंस का?" नटानं सुरुवात केली. "आपल्याकडे राहायला येतंय..." चष्मेवाल्याच्या खांद्यावर थाप.

डोळ्यांसमोर भाऊ ट्रम्पेटसकट उभा. त्याला कसंबसं ढकलून तो ओरडला, "कपाट!"

"अगं बाई, कपाट! किती दिवस?" नटीनं विचारलं. पुन्हा थाप.

"कायमचं," चष्मेवाल्याच्या तोंडून निसटलं.

"आणि मला न विचारता! आता ठेवू कुठं त्याला?" नटी उजव्या खांबाकडे वळली.

"खिडकीखाली," बायको शांतपणे म्हणाली. "भाऊजींनी काल फोन करून पलंगाचं माप विचारलंय."

सभागृह हशानं दणाणलं. चष्मेवाला असा थिजला, की इतका चोख खांब त्या मंडळींना आजवर मिळाला नसेल.

"अगं, मी सांगणारच होतो..."

"खांबांनी आपसात बोलायचं नाही!" नट म्हणाला.

"आपसात बोललो असतो, तर इथं कशाला उभे असतो?" बायको म्हणाली.

नटीला आता राहवेना. "मग मी कपाटाला कळवते, की..." तिनं हळूच बायकोच्या खांद्यावर हात ठेवला. चष्मेवाल्याला घामेजल्या काचांतून बायकोचं तोंड अंधुक दिसत होतं, पण चष्मा पुसायला हात हलवायची सोय नव्हती.

"या म्हणावं," बायको म्हणाली. "यांची झोपायची सोय दुकानात केलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. चष्मेवाला उतरायची पायरी शोधू लागला.

"कुठं निघालात? प्रसंग संपायचाय अजून," म्हणत नटानं त्याला धरून जागेवर आणलं. "तर मग दुकानात गेल्यावर नवरा म्हणाला..."

खांद्यावर थाप पडली.

"गादी तरी दे," चष्मेवाला म्हणाला.