डाव्या दारातला कागद

माझा चेहरा कागदाचा आहे, मित्रांनो, हे आधीच सांगितलेले बरे. त्यामागे तांब्याच्या बारीक तारेचे एक वेटोळे आणि एक जड चुंबक, एवढाच माझा संसार. मी एका जुन्या गाडीच्या डाव्या दारातला स्पीकर. उजव्या दारात माझा जुळा भाऊ होता. वीज आली की आम्ही दोघे एकदम पुढे सरकायचो, एकदम मागे यायचो. आवाज म्हणजे दुसरे काय? हवेला दिलेले धक्के. आणि तुम्ही जवळ बोललात की माझा कागद उलट तुमच्या आवाजाने थरथरतो, म्हणून मला ऐकूही येते.

गाडीचे मालक एका बँडमध्ये मोठा ड्रम वाजवत. सगळ्यांचा ठेका त्यांच्या हातात, म्हणून मित्रमंडळी त्यांना ठेकेदार म्हणत. बँडच्या एका जुन्या कार्यक्रमाची टेप गाडीत कायम असे. ड्रमचा ठोका आला की आम्ही दोघे भाऊ जीव तोडून हवा ढकलायचो. ठेकेदार मान डोलवत आणि शेजारी बसलेल्या मुलीला सांगत, "हा मी." मुलीला ते पाठ झाले होते. ती मोठी झाली, शाळेत विज्ञान शिकवू लागली, तरी तिला ते ऐकावेच लागे.

मग एकदा डाव्या दाराचे कुलूप बिघडले. ठेकेदारांना हात स्वस्थ ठेवता येत नसत. त्यांनी दार स्वतःच उघडले आणि माझ्या दोन तारा मधे येत होत्या त्या कापल्या. एक तार साधी, दुसरीवर पांढरी रेघ. कुलूप बसेपर्यंत उजेड कमी झाला होता. त्यांनी तारा पुन्हा जोडल्या, वर काळी पट्टी गुंडाळली, आणि ती अगदी नेटकी, चार पदरी. फक्त रेघेची तार साध्या तारेला गेली होती.

पहिल्याच सुराला मला कळले. भाऊ पुढे गेला की मी मागे येत होतो. तो हवा ढकलायचा, मी ओढून घ्यायचो. जड सूर आमच्या दोघांच्या मधोमध येऊन विरून जात. मी ओरडून सांगितले असते, पण स्पीकरला स्वतःचे काही बोलता येत नाही.

ठेकेदारांनी आवाज वाढवून पाहिला. ड्रम तरीही डबा वाजवल्यासारखा. त्यांनी दोष आम्हाला दिला नाही, मला दिला असता तर बरे झाले असते. त्यांनी दोष स्वतःच्या कानांना दिला. रविवारच्या सरावाला जाणे बंद केले. ड्रमची काठी डिकीत गेली. कान तपासून घ्या म्हणून मुलगी मागे लागली, तर म्हणाले, "वयाला औषध असतं का?"

मुलगी हट्टी होती, बापावर गेली होती. तिने दारांसाठी नवे मोठे स्पीकर आणले आणि डिकीत ठेवायला एक सबवूफर, म्हणजे फक्त खालचे, जड सूर वाजवणारी पेटी. फिटरने दारांची आतली कव्हरे काढली, आम्हाला बाहेर घेतले आणि माझ्याकडे पाहून म्हणाला, की हा कागदी माल मऊ पडलाय, भंगारात द्या. मुलीने आम्हाला बुटांच्या खोक्यात घालून मागच्या सीटवर ठेवले. मला वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण खोक्याला झाकण नव्हते, एवढे बरे.

सगळे जोडून झाले. टेप लागली. ड्रमचा ठोका आला तशी सीट हलली, मी खोक्यात हललो. फिटर खूश. मुलगी बापाच्या तोंडाकडे बघत होती.

"वाजतोय," ठेकेदार सावकाश म्हणाले. "पण डिकीत वाजतोय. मी मधोमध उभा राहायचो, पहिल्या रांगेत."

"काका, सबवूफर डिकीतच आहे. आवाज तिथूनच येणार," फिटर म्हणाला.

मुलगी मात्र विचार करू लागली. ड्रम कुठे उभा आहे हे ज्याला कळते, त्याचा कान गेला कसा? आणि दारातले स्पीकर नीट वाजत असतील तर ड्रम पुढेच ऐकू यायला हवा. तिने टॉर्चमधला एक सेल काढला, त्याला दोन तारा लावल्या आणि त्या मला टेकवल्या. मी टुणकन पुढे आलो. भावाला टेकवल्या, तोही पुढे आला. आम्ही दोघे निर्दोष होतो, म्हणजे दोष दारातल्या तारेत.

मग तिने डावे दार पुन्हा उघडायला लावले. तार चाचपत फिटर काळ्या पट्टीपर्यंत पोचला. ती सोडवून त्याने कपाळाला हात लावला.

"उलटं जोडलंय. ही कुणाची कारागिरी?"

ठेकेदार आधी आरशात पाहू लागले. मग म्हणाले, "चार पदर आहेत ना? मग माझीच."

मुलगी इतकी हसली की तिला खाली बसावे लागले. तारा सरळ झाल्या. टेप पुन्हा लागली, आणि ड्रम डिकीतून उठून काचेसमोर मधोमध येऊन उभा राहिला. ठेकेदारांनी सबवूफर निम्म्यावर आणला, पुरे म्हणाले. डोळे मिटून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "तिसऱ्या ठोक्याला मी घाई केलीय. इतकी वर्षं कुणी बोललं नाही."

त्या रविवारी डिकीतून काठी बाहेर निघाली.

आता आम्ही दोघे भाऊ मुलीच्या शाळेत, प्रयोगशाळेच्या खिडकीतल्या लाकडी पेटीत शेजारी शेजारी आहोत. मुले सेल टेकवतात, आम्ही उडी मारतो. मित्रांनो, एवढेच मागतो: आमच्या कागदात बोट खुपसू नका. आणि कुणाला, मग तो कान असो वा माणूस, 'गेला' म्हणण्याआधी एकदा जोड बघा. नव्यांवर माझा राग नाही. शाळा सुटायच्या वेळी ठेकेदारांची गाडी फाटकाशी येते, ठोका खिडकीच्या काचेवर आदळतो, आणि इकडे आमचे दोन्ही कागद हळूच हलतात. एकाच दिशेने.