इंजिनावरच्या तीन रेघा

पंप निघाला आणि माझी छाती फुगली, ती जेमतेम दोन मिनिटं.

ताई ज्या व्हॅनमधून शाळेची मुलं ने-आण करते, तिचा डिझेलपंप गळत होता. सोमवारी सकाळी सातला व्हॅन फाटकाशी उभी दिसली नाही, तर मुलांची फेरी दुसऱ्या गाडीवाल्याला देऊ, असं शाळेनं तिला तोंडावर सांगितलं होतं. भावजी गेल्यापासून घर त्या फेरीवरच चालत होतं. गॅरेजवाला म्हणाला, बुधवार. मी म्हणालो, "त्यात काय, मी काढतो पंप. सील बदलायचं आणि परत बसवायचा." मी घरोघरी नळ दुरुस्त करतो. माझ्या हिशेबी इंजिन म्हणजे जरा तापट नळ.

पंप सोडण्याआधी त्याच्यावर आणि इंजिनावर मिळून एक रेघ ओढायची असते. बसवताना ती जुळली नाही तर इंजिन नुसता धूर ओकतं. पंपावर रेघ आधीच होती. समोर इंजिनावर काजळीचा थर होता, त्याखाली तिची जोडीदार असणारच. मग नवी कशाला ओढा? मी नळ्या सोडल्या, त्यांची तोंडं प्लास्टिकनं बांधली, नट काढले, पंप ओढून घेतला आणि हौसेनं ती काजळी डिझेलनं पुसली.

खाली तीन रेघा निघाल्या.

सील बदलून झालं तरी माझं डोकं ठिकाणावर येईना. डावी म्हणावी तर मधली ठळक, मधली म्हणावी तर तिसरी तिरकी. शेवटी लाज सोडून हाक मारली, "ताई, भावजी पंप कुठल्या रेघेवर लावायचे गं?"

ताई ओले हात पुसत बाहेर आली. "तुझे भावजी? त्यांना सायकलमध्ये हवा भरता यायची नाही."

"अगं, पण दोघं बॉनेटमध्ये डोकं घालून असायचात ना?"

"ते बॅटरी धरायचे, उजेडासाठी." तिनं बोट टेकवलं. "ही डावी जुन्या पंपाची. मधली माझी चूक. ही तिरकी खरी."

म्हणजे इतकी वर्षं मी भलत्याच माणसाच्या कारागिरीचं कौतुक करत होतो. "मग सकाळपासून गप्प का बसलीस?"

"ते गेल्यावर दोनदा बॉनेट उघडलं मी. पाना हातात घेतला की दिसायचंच नाही काही."

"भर दुपारी?"

"भर दुपारी."

मला भयंकर वाईट वाटलं. तिनं माझ्या हातातला पाना घेतला. मी घरातून बॅटरी आणली.

तिरक्या रेघेवर पंप बसला. ती नट आवळत असताना माझा हात हलला, उजेड भलतीकडे गेला. मी सॉरी म्हणालो.

"असू दे," ताई म्हणाली. "ते पण हलवायचे."

तिनं नळ्यांतली हवा काढली आणि चावी फिरवली. तिसऱ्या खेपेला इंजिन लागलं, थोडं खोकलं, मग आवाज सरळ झाला. उद्याची फेरी वाचली. मी बॅटरी बंद करायला गेलो.

"राहू दे जरा," ती म्हणाली.