बदामाखालची राखलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी आरामखुर्ची आहे. पाय लांब करून आडवे होता येते, त्या जातीची. सिंगापूरच्या एका बेटावरच्या हॉटेलात, पोहण्याच्या तलावाकाठी, अगदी शेवटच्या रांगेत देशी बदामाखाली माझी जागा आहे. माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झाले त्यात या पायाचा हात आहे.

माझा जन्म जावा बेटावरच्या जेपारा गावचा. सुताराने मला घासून, तेल पाजून चकचकीत केले होते. पण इथे बोटीतून उतरवताना मी हमालाच्या हातून निसटले आणि पायाचा टवका उडाला. तरी सुरुवातीला माझी चंगळ होती. नवी जोडपी माझ्यावर बसून फोटो काढत. हॉटेलच्या माहितीपत्रकावरसुद्धा मी झळकले होते. पुढे डुगडुगण्याच्या तक्रारी वाढल्या आणि मला सर्वांत मागे ढकलले. त्याचे वाईट वाटले का? तेव्हा वाटले असेल. इतकी वर्षे ऊन आणि खारा वारा खाल्ल्यावर लाकडाला फारसे काही वाटत नाही.

तिथेच मला अंकल भेटले. नाव बून टेक, पण हॉटेलात सगळे अंकल म्हणत, म्हणून मीही म्हणते. निवृत्त बसचालक. पोट सुटलेले, आवाज खणखणीत. दरवर्षी बायकोला, म्हणजे आंटीला, घेऊन दोन रात्री राहायला येत. त्यांचे घर इथून तासाभरावर. घरचा भात डब्यात गरम राहील एवढ्या अंतरावर कुणी सुट्टीला जाते का, अशी नातेवाईक चेष्टा करत. अंकल म्हणत, "आयुष्यभर लोकांना लांब लांब पोचवलं. आता मला जवळच उतरू द्या."

इथल्या लोकांची जागा धरायची एक रीत आहे. खुर्चीवर टिश्यूचे छोटे पाकीट ठेवायचे आणि खुशाल जेवायला जायचे. त्या जागेवर मग दुसरे कुणी बसत नाही. अंकल सकाळी सर्वांत आधी येऊन माझ्यावर पाकीट ठेवत आणि मगच नाश्त्याला जात.

"या मोडक्या खुर्चीला कोण हात लावणार आहे?" आंटी म्हणायच्या. त्यांची खुर्ची माझ्या शेजारची, चारही पायांनी धड.

"मोडकी आहे म्हणूनच माझी. हिची खोड मला ठाऊक आहे."

घरून आणलेला जुन्या चपलेचा तुकडा ते माझ्या पायाखाली सारत, आडवे होत आणि तोंडावर वर्तमानपत्र घेऊन घोरत. त्या दोन दिवसांत मी डुगडुगत नसे. जाताना तुकडा परत खिशात.

एकच माणूस त्यांच्या वाटेला जाई. रोस्ली, तलावाची देखभाल करणारा, पिकल्या मिशांचा. अर्धा तास कुणी फिरकले नाही तर खुर्चीवरची वस्तू उचलायची, असा हॉटेलचा नियम आहे, आणि रोस्ली नियमाला पक्का.

"अंकल, अर्धा तास झाला!"

"तुझं घड्याळ पुढे आहे रे. ताटातला नासी लमाक भात तरी संपवू दे!"

दरवर्षी हेच भांडण, आणि दोघांनाही ते हवे असायचे.

यंदा आंटी मुलीबरोबर आल्या. तिचे नाव हुई मिन. ती माझ्यावर बसायला वाकली तशा आंटी म्हणाल्या, "तिथं नको. तिथं माणूस आहे." त्यांनी पर्समधून पाकीट काढून माझ्यावर ठेवले, आपल्या खुर्चीवर बसल्या आणि समोर पाहत राहिल्या. समुद्रात मालवाहू जहाजे उभी होती. ती हलत नव्हती, आंटीही हलत नव्हत्या.

आंटी पाण्यात पाय बुडवायला गेल्या तेव्हा हुई मिन फोनवर हळू बोलली. "पाच महिने झाले, मावशी. पप्पांना पोचवून आलो तेव्हापासून ती एकदाही रडली नाही. रोज दोन कप कॉफी करते. पप्पा गेले, हे शब्द तिच्या तोंडून आलेलेच नाहीत. म्हटलं, इथे आल्यावर तरी बोलेल."

मला ते असे कळले. मी रडले नाही, मित्रांनो. मला जमतही नाही. बातमी आत शिरली आणि तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सुट्टीची गर्दी होती. एक बाई झोपाळलेले लेकरू कडेवर घेऊन आली. "ही रिकामी आहे का हो?"

"नाही," आंटी म्हणाल्या. "नवरा नाश्त्याला गेलाय."

दुपारचे तीन वाजले होते. बाई पाकिटाकडे पाहून निमूट वळली. हुई मिन म्हणाली, "मा, अगं..."

"सावकाश जेवतो तो. तुला माहीत आहे ना?"

तेवढ्यात रोस्ली टोपली घेऊन आला. "अंकल कुठे दडलेत? सकाळपासून पाकीट बघतोय." आईच्या मागून हुई मिनने नुसती मान हलवली. रोस्लीचा पुढे आलेला हात थांबला. तो बराच वेळ घड्याळ बघत राहिला.

"व्हायचाय अजून अर्धा तास, आंटी."

त्या दिवशी त्याने इतर सगळ्या खुर्च्यांवरची पाकिटे उचलली. माझ्यापाशी मात्र दर फेरीला थांबून तेच म्हणाला. "आणि तिथलं कसं चालतं?" म्हणून एका पाहुण्याने त्याला झापले. रोस्ली म्हणाला, "येतायत ते." त्याला खोटे बोलायची सवय नव्हती. कान लाल झाले.

तिसऱ्या दिवशी दुपारी निघायचे होते. ती लेकुरवाळी पुन्हा आली. मूल खांद्यावर झोपले होते आणि बसायला कुठेच जागा नव्हती. या वेळी तिने विचारले नाही. बदामाच्या सावलीत एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभी राहिली. आंटी तिच्याकडे पाहत होत्या. रोस्ली आला, त्याने सवयीने घड्याळ पाहिले. "व्हायचाय अजून..."

"झाला, रोस्ली," आंटी म्हणाल्या. "अर्धा तास कधीच झाला. टेक गेला. तो येणार नाही आता."

हुई मिनने तोंडावर हात ठेवला. आंटींचा आवाज मात्र बसची वेळ सांगावी तसा सपाट होता. त्या उठल्या आणि त्या बाईला म्हणाल्या, "माझ्या खुर्चीवर निजवा त्याला. ती डुगडुगत नाही."

मग त्यांनी माझ्यावरचे पाकीट उचलले. न उघडताच वाकून माझ्या आखूड पायाखाली सारले, दोनदा दाबून पाहिले आणि माझ्यावर आडव्या झाल्या. अंकलच्या निम्म्याही वजनाच्या नव्हत्या त्या.

"हलते का गं?" हुई मिनने विचारले.

"थोडी. हलू दे."

थोड्या वेळाने त्यांना झोप लागली. खोली सोडायची वेळ टळून गेली तरी रोस्लीने कुणाला उठवू दिले नाही.

ते पाकीट अजून माझ्या पायाखाली आहे. पावसात भिजून चपटे झाले, तरी झाडणाऱ्यांना रोस्लीची ताकीद आहे. मित्रांनो, तुमच्या घरात कुणाची खुर्ची रिकामी असेल तर ती घाईने हलवू नका. जी व्यक्ती ती राखून बसली आहे, तिचा अर्धा तास तिलाच मोजू द्या. आणि कधी इकडे आलात, तर खुशाल माझ्यावर बसा. फक्त त्याआधी पायाखालचे पाकीट जागेवर आहे ना, तेवढे बघा.