हळू वाजवायची जागा

बेस गिटार वाजवणाऱ्या धाकट्याने कॉम्प्रेसर नावाचं, गिटारचा आवाज एकसारखा करणारं यंत्र विकत आणलं आणि घरच्यांचं डोकं खायला सुरुवात केली. गिटारला आधीच जोडलेल्या प्रीअँपच्या पेडलआधी तो जोडायचा की नंतर, यावर त्याने आठवडाभर कीस पाडला. ड्रम वाजवणारा दादा आणि गाणारी वहिनी, दोघांनीही कानांवर हात ठेवले.

शेवटी सरावाच्या खोलीत त्याने तो प्रीअँपनंतर जोडला, बटणं पिळली आणि मोठ्या थाटात सांगितलं, "प्रीअँप आवाजाला रंग देतो. हा मोठा आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर उचलतो. आता माझा एकही सूर वाया जाणार नाही!"

आणि खरंच गेला नाही. मधल्या अवघड जागेत धाकटा नेहमीसारखा डोळे मिटून, मान डोलवत, अगदी हळुवार वाजवू लागला. कॉम्प्रेसरने ते हळुवार सूर इमानेइतबारे उचलून सगळ्यांच्या कानांवर आदळले. त्या जागेतले नऊच्या नऊ सूर चुकीचे निघाले.

दादाच्या काठ्या हवेतच थांबल्या. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सहा वर्षं मी लोकांना सांगतेय, तिथे तुम्ही भावनेच्या भरात हळू वाजवता म्हणून!"

धाकटा ओशाळला, पण क्षणभरच. "जोडण्यात चुकलं," तो वाकत म्हणाला. "हा प्रीअँपच्या आधीच हवा."

"कुठेही जोडा," वहिनी म्हणाली, "पण त्याआधी ती जागा एकदा यंत्राशिवाय, जोरात वाजवून दाखवा."

धाकटा बराच वेळ वायरच गुंडाळत बसला.