सुतळीच्या दोन गाठी

अल्लीपुरात अण्णाजींच्या धान्याच्या दुकानासमोर उभं राहून ‘तुमच्या डाळीत खडे आहेत’ असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. कुणी म्हटलंच, तर अण्णाजी उठायचे, परातीत डाळ पसरायचे आणि गरजायचे, “एक खडा दाखवा, पाच किलो फुकट न्या!” तीस वर्षांत कुणी नेली नव्हती. पुंडलिकराव नावाचं चिवट गिऱ्हाईक दर महिन्याला परातीत नाक खुपसून बसायचं आणि शेवटी चहा पिऊन, मुकाट पैसे देऊन घरी जायचं.

अण्णाजींचा दुसरा नियम त्याहून कडक होता: दुसऱ्याच्या काट्यावर विश्वास ठेवायचा नाही. बाजारातून मोजून आलेलं पोतं ते दुकानात पुन्हा मोजत. मुलाच्या, धनंजयच्या लग्नात व्याह्यांनी अकरा किलो लाडू दिले, तेही त्यांनी मांडवातच काट्यावर चढवले. पावणेअकरा भरले. सून काजल ही गोष्ट अजून विसरली नव्हती, आणि विसरावी तरी का?

तेव्हा नात सुरभीच्या डोळ्यासाठी नागपूरला जायची वेळ आली, तर हा नियमही गाडीत बसला, यात नवल ते काय.

सुरभी अडीच वर्षांची. तिच्या एका फोटोत उजवा डोळा नीट आला होता आणि डाव्यात पांढरी चमक दिसत होती. अण्णाजी म्हणाले, फोन खराब आहे. काजलने शेजारणीच्या फोनवर फोटो काढून पाहिला, मग शाळेतल्या बाईंच्या. तीनही फोन खराब असणार नाहीत, एवढं ओळखून ती दुसऱ्याच दिवशी पोरीला घेऊन वर्ध्याला गेली. तिथून त्यांना नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात धाडलं. डॉक्टरीणबाईंनी भूल देऊन डोळा तपासला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, की आतल्या पडद्यावर कॅन्सरची गाठ आहे. सात मिलिमीटर.

अण्णाजींच्या तोंडचं पाणी पळालं. “मिलिमीटर मले नाई समजत जी. दाण्यात सांगा.”

“चण्याएवढी, काकाजी,” बाई म्हणाल्या. “डोळाभर पसरली असती तर डोळा काढायलाच सांगितलं असतं. ही लहान आहे, मधोमध नाही, बाजूला आहे. सलाईनमधून औषध देऊ. दोन वेळच्या औषधानं आटली, तर उरलेली लेझरनं जाळता येईल. वाढली, तर मात्र डोळा काढावा लागेल. आधी जीव, मग डोळा.”

“डोळा काढाची गोष्ट नका करू जी,” अण्णाजी म्हणाले आणि चारचौघांत ओक्साबोक्शी रडले. आपल्याला लाज वाटेल की काय याचाही त्यांना विसर पडला.

डोळे पुसल्यावर त्यांचं लक्ष टेबलावरच्या संगणकाकडे गेलं. तिथे सुरभीच्या डोळ्याच्या आतला फोटो होता, आणि बाई चणा म्हणाल्या, तरी त्यात गाठ दिसत होती लिंबाएवढी. फोटो मोठा करून दाखवतात, हे अण्णाजींना कळत होतं. पण खरी गाठ लहान झाली की फोटोतलीही होणार, हा त्यांचा हिशोब सरळ होता. बाई काजलला तारखा लिहून देत होत्या तेवढ्यात त्यांनी खिशातून पोती शिवायची सुतळी काढली, पडद्यावर गाठीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धरली आणि खूण म्हणून तिला गाठ मारली. काजलने ते पाहिलं. लाडवांपासून तिला सवय होती.

गावात बातमी त्यांच्या आधी पोचली. सोमवारी गाठ चण्याएवढी होती, बुधवारी बोराएवढी झाली. शुक्रवारी पुंडलिकराव दुकानात आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “अण्णाजी, संत्र्याएवढी हाये म्हणते?”

“अहो, पोरीचा अख्खा डोळाच बोराएवढा,” अण्णाजी कडाडले, “त्यात संत्रं कुठून मावन? कशात काय मोजून राह्यले, थे त पाहा!”

शहाणपण असं लोकांना सांगायला फार सोपं असतं.

औषध सुरू झालं. पोर मलूल व्हायची, ओकायची, आणि जरा बरं वाटलं की पुन्हा अंगणभर धावायची. केस गेले तेव्हा तिने आरशात पाहिलं, मग आजोबांच्या टकलाकडे पाहिलं आणि खूश होऊन सांगितलं, “मी आबाजी झाली!” अण्णाजी हसले आणि गोदामात जाऊन पुन्हा रडून आले. सुतळी मात्र त्यांनी खिशातून काढली नाही.

दीड महिन्यानं पुन्हा नागपूर. धनंजय बाहेर सुरभीजवळ बसला, अण्णाजी आणि काजल आत गेले. बाईंच्या खोलीत आता भिंतीवर भलामोठा टीव्ही लागला होता आणि नवा फोटो त्यावर होता. बाई हसून म्हणाल्या, “छान आटली आहे. तीन मिलिमीटर.”

अण्णाजी उठले. टीव्हीपाशी गेले, सुतळी लावली. पहिली गाठ गेल्या वेळच्या मापाची. आजचं माप तिच्या दोन बोटं पुढे गेलं. त्यांनी तिथे दुसरी गाठ मारली.

“वाढली,” ते म्हणाले.

“नाही हो काकाजी, कमी झाली. मशीनवर मोजली आहे.”

“मशीन कोनाची?”

“आमचीच.”

“मंग झालं!” अण्णाजी म्हणाले. पण त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. “बाई, तुमी आमचं मन राखून राह्यल्या. मी रडलो म्हणून. नका राखू. काढा डोळा. आना कागद, सही करतो. मले माही पोरगी पाह्यजे.”

काजल उठली आणि तिने सासऱ्यांच्या हातून सुतळी घेतली.

“मामाजी, मांगं टेबलावरचा फोटो मोजला होता तुमी. आज टीव्ही हाये. मॅडम, मांगचा फोटो याच टीव्हीवर लावा बरं.”

दोन्ही फोटो शेजारी आले. जुनी गाठ ढळढळीत मोठी दिसली. अण्णाजींनी मान हलवली. “जुना मुद्दाम ताणला असन.”

काजलने कपाळाला हात लावला, मग जरा विचार करून विचारलं, “मॅडम, या फोटोत न वाढणारं, न घटणारं असं काई हाये का?”

बाईंनी दोन्ही फोटोंतल्या एका फिकट गोलावर बोट ठेवलं. “हे डोळ्याच्या नसेचं तोंड. साधारण दीड मिलिमीटर. महिन्या-दीड महिन्यात ते काही बदलत नाही.”

“मामाजी, हे सरकारी शिक्क्याचं वजन समजा,” काजल म्हणाली. “फोटो कितीबी ताणा, हेबी संगं ताणल्या जाईन. आता मोजा.”

ही भाषा अण्णाजींना कळली. त्यांनी गोलाएवढी सुतळी चिमटीत धरली आणि जुन्या गाठीवर मोजत गेले. जवळजवळ पाच गोल भरले. नव्या गाठीवर दोन. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. मग ते खुर्चीत मटकन बसले.

“दोनच भरते,” ते पुटपुटले. “मूग झाला.”

“मूगच,” बाई म्हणाल्या.

“अन् मी काढा म्हणलं होतं. सही करत होतो मी, काजल.”

काजलला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. “लाडू बी पावणेअकराच होते, मामाजी,” ती म्हणाली. “मोजता तुमाले येते. यावेळी काटा चुकला.”

औषधाच्या उरलेल्या फेऱ्या झाल्या, लेझर झालं. गाठीच्या जागी वण राहिला. नजर होती, पण डोळा आळशी झाला होता. त्याला कामाला लावायचं, तर चांगल्या डोळ्यावर रोज दोन तास पट्टी. सुरभी ती ओरबाडून फेकायची. मग अण्णाजींनी स्वतःच्याही उजव्या डोळ्यावर पट्टी लावली, आणि आजोबा-नात एकेका डोळ्यानं दुकान चालवू लागले. गिऱ्हाईकं हसली. हसोत बापडी.

अशाच एका दुपारी पुंडलिकराव आले. “आता त अर्ध्याच नजरेनं डाळ निवडता तुमी. खडे असनच.”

“एक दाखवा, पाच किलो फुकट न्या!” अण्णाजींनी परात पसरली. पुंडलिकरावांनी नाक खुपसलं. बराच वेळ गेला. त्यांना काही सापडलं नाही. ते पैसे काढायला खिशात हात घालणार, तोच परातीच्या काठाशी एक इवलासा हात आला. सुरभीने मान वाकडी केली, डावा डोळा किलकिला केला, डाळ चिवडली आणि डाळीच्याच रंगाचा एक कण चिमटीत उचलला.

“आबाजी, दगड.”

खडाच होता. मुगाहून लहान.

अण्णाजींनी तो तळहातावर घेतला. त्यांनी तिच्या उजव्या डोळ्यावरची पट्टी चाचपून पाहिली. पक्की होती. मग ते पोतं उघडून पुंडलिकरावांच्या पिशवीत डाळ ओतू लागले.

“अहो, राहू द्या, पोरीनं काढला, मी नाई,” पुंडलिकराव गडबडले. “बरं, मोजा त खरं. पाच कवाच झाले असन!”

अण्णाजी दोन्ही डोळ्यांनी रडत होते, एक पट्टीआड आणि एक उघडा. पिशवी काठोकाठ भरली, तरी त्यांचं काट्याकडे लक्ष गेलं नाही.