शुक्रवारची सवाष्ण

आमच्या धान्यघराचं वाटप दर शनिवारी सकाळी दहा ते बारा असतं. काशीत दूधविनायकाच्या गल्लीत मराठी मंडळाचा हॉल आहे, त्याच्या तळमजल्यावर. एका घराला पाच किलो तांदूळ, पाच किलो पीठ, किलोभर अरहरची डाळ, सरसोंच्या तेलाचं पाकीट, मीठ, बटाटे. सणावाराला वर थोडं काहीतरी, म्हणजे गणपतीत लाडू, संक्रांतीला तीळगूळ, देवदिवाळीला राजा घाटावर आम्ही दिवे लावतो तेव्हा प्रत्येक पिशवीत चार पणत्या. मी पद्मा, गणिताची रिटायर्ड शिक्षिका, सात वर्षं हे सगळं बघते आहे. रांगेतल्या बायका मला घाबरतात, मंडळाचे पुरुष त्याहून जास्त घाबरतात, आणि मला ते आवडतं.

शुक्रवारी दुपारी पिशव्या भरायला प्रेमला यायची. माझ्याहून सहा-सात वर्षांनी लहान, बारीक अंगाची, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा नवरा विश्वेश अकरा वर्षांपूर्वी ‘दोन महिन्यांत येतो’ म्हणून गेला तो परत आलाच नाही. कोणी म्हणे भोपाळला दिसला, कोणी म्हणे नाशिकला. प्रेमला एका खोलीत राहायची, वाती वळून दुकानांना द्यायची आणि नवऱ्याबद्दल कोणी विचारलं तर ‘बाहेरगावी आहेत’ एवढंच सांगायची. तिच्याइतकी नीटस पिशवी कोणीच बांधत नसे. स्वतःसाठी मात्र तिने त्यातला तांदळाचा एक दाणा कधी नेला नाही.

ती उपाशी राहते हे माझ्या ध्यानात यायला तब्बल पाच वर्षं लागली. आमच्यात उपाशी माणूस ओळखायचं कठीणच. सोमवार, चतुर्थी, एकादशी, प्रदोष; चहाबरोबर बिस्कीट पुढे केलं की प्रेमला म्हणायची, ‘आज माझं व्रत आहे,’ आणि आम्ही तिच्या निष्ठेचं कौतुक करायचो. एका शुक्रवारी पिठाचं पोतं ओढताना तिला घेरी आली तेव्हा माझी ट्यूब पेटली. माझा स्वभाव तापट आणि तोंड फाटकं. सगळ्यांसमोर एक भरलेली पिशवी मी तिच्या हातात कोंबली आणि म्हटलं, ‘नाटकं पुरे, ही घरी ने आणि शिजवून खा.’ तिने पिशवी हळूच टेबलावर ठेवली, पदर सारखा केला आणि निघून गेली. तीन आठवडे फिरकली नाही. आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

मग मी डोकं चालवलं. प्रेमला भीक घेणार नव्हती, पण सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं तर येणार होती. नवरा हयात असलेल्या बाईला बोलवायचं, तिचे पाय धुवायचे, हळदकुंकू लावायचं, गजरा द्यायचा, पोटभर जेवू घालायचं, ओटी भरायची. त्यात सवाष्णीवर कोणी उपकार करत नाही, तीच येऊन घरावर उपकार करते. आणि आमच्या मराठी घरांत सवाष्णीचं निमित्त शोधायला लागत नाही. श्रावणातले शुक्रवार, गौरी, नवरात्र, मार्गशीर्षातले गुरुवार, शिवाय नवस आणि बोडणं. मी घरोघर फिरून सांगितलं, ‘प्रेमलेला बोलवा, पायगुण चांगला आहे तिचा.’ धान्यघरातला दोन-दोन किलो तांदूळ प्रत्येक घरी आधीच पोचवायची आणि म्हणायची, ‘एवढा तिच्या ओटीत घाला, माझा नवस आहे.’ मी कधी देवाला नारळ फोडला नाही, नवस कसला! पण जो तांदूळ तिने पिशवीतून नाकारला होता तोच ती ओटीतून घरी न्यायला लागली. तिच्या गालांवर थोडं मांस आलं. मला माझ्या हुशारीचा फार अभिमान वाटला.

दोन वर्षं असं चाललं. मग गेल्या श्रावणात एका बुधवारी सकाळी मंडळाच्या फोनवर जबलपूरच्या एका वृद्धाश्रमातून फोन आला. विश्वेश तिथे दोन वर्षं होता. सोमवारी रात्री वारला. त्याच्या ट्रंकेत एका जुन्या पावतीवर आमच्या मंडळाचा पत्ता सापडला होता. तिकडचा माणूस सभ्य होता. म्हणाला, घरचं कोणी येणार असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत ठेवू शकतो, इथे बर्फाची सोय आहे.

काशीहून जबलपूर रात्रभराच्या गाडीचं अंतर आहे. मी प्रेमलेला घेऊन त्याच दिवशी निघू शकले असते. पण माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो परवाच्या शुक्रवाराचा. मंडळातल्या नंदाकडे पुरणपोळीचा बेत होता आणि प्रेमला तिची सवाष्ण होती. ती विधवा झाली की शुक्रवार गेला, गौरी गेल्या, नवरात्र गेलं, ओटीतला तांदूळ गेला. पिशवी ती घेणार नाही. मग खाणार काय? मी गणिताची बाई, हिशोब लगेच मांडला. फोनवर सांगितलं, त्यांचं इथे आता कोणी उरलेलं नाही, तुम्हीच उरकून घ्या. अस्थी पाठवू का, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तिथेच नर्मदेत सोडा.

शुक्रवारी मी नंदाकडे होते. नंदा ही आमच्या गल्लीतली जाडजूड, देवभोळी, सढळ हाताची बाई. तिने परातीत प्रेमलेचे पाय धुतले, मी तांब्याने पाणी ओतलं. प्रेमलेने गजरा माळला, दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, तिसरीला नको नको म्हणत ताट पुढे केलं. मी स्वतःशी म्हटलं, पद्मा, तू बरोबर केलंस. रात्री मात्र झोप लागली नाही.

एकदा मंडळाच्या बैठकीत मी अंदाज घेतला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला नवरा नसलेल्या बायकांनाही बोलवावं का, असं सहज विचारलं. सगळ्या म्हणाल्या, अर्थात, हल्ली कोण असलं मानतं? मी पुढे विचारलं, ‘आणि सवाष्ण म्हणून?’ तेव्हा नंदा म्हणाली, ‘ते अलग आहे हो पद्माताई.’ भांडायला एरवी माझं तोंड कमी नाही, पण त्या दिवशी मी पुढचा विषय काढला.

गणपतीच्या दिवसांत मृत्यूचा दाखला पोस्टाने आला, सोबत आश्रमाचं पत्र. मी दोन्ही कपाटात साड्यांखाली ठेवलं. कधी सांगायचं ते मी पुढे पुढे ढकलत राहिले. गौरी होऊ देत, नवरात्र होऊ दे, कोजागिरीचं दूध होऊ दे. घाटावर चंद्राखाली सगळ्या गाणी म्हणत होत्या, प्रेमला भेंड्यांमध्ये जिंकली आणि लहान मुलीसारखी हसली. तेव्हाही मी सांगितलं नाही.

मार्गशीर्षात नंदाच्या मुलीचं, अवनीचं, लग्न ठरलं. लग्नाआधी पाच सवाष्णी मुसळाला हात लावून हळद कुटतात, त्यात नंदाने पहिला मान प्रेमलेला दिला. मी स्वतः काही मानत नाही, पण उद्या अवनीच्या संसारात काही कमीजास्त झालं आणि ही गोष्ट बाहेर आली, तर नंदा मला जन्मभर माफ करणार नव्हती. खरं सांगायचं तर मी तोंड उघडलं ते प्रेमलेवरच्या दयेने नव्हे, नंदाच्या भीतीने. याची मला आजही लाज वाटते.

शुक्रवारी दुपारी धान्यघरात आम्ही दोघीच होतो. ती डाळ मापत होती. मी म्हटलं, ‘प्रेमला, विश्वेश गेला गं.’ आणि दाखला आणि पत्र तिच्यापुढे ठेवलं.

तिने माप खाली ठेवलं, हात पदराला पुसले आणि दोन्ही कागद सावकाश वाचले. पत्रात सगळं होतं. श्रीमती पद्माजींशी अमुक तारखेला फोनवर झालेल्या बोलण्यानुसार अंत्यसंस्कार आश्रमाने केले, अस्थी नर्मदेत सोडल्या. त्या तारखेकडे ती पुन्हा पुन्हा बघत होती.

‘हा बुधवार,’ ती म्हणाली. ‘आणि शुक्रवारी नंदाताईंकडे.’

मी समोरची बांधलेली पिशवी उगाच सोडून पुन्हा बांधली.

‘ते जाऊन पाच दिवस झाले नव्हते. मी फूल माळून पुरणपोळी खात होते. पाणी तुम्ही ओतलं माझ्या पायांवर.’

‘तू उपाशी होतीस प्रेमला!’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘विधवा म्हणून तुला कोण बोलावणार होतं? मी काय करायला हवं होतं?’

‘भुकेली होते ते मला मालूम होतं पद्माताई,’ ती म्हणाली. ‘हे मालूम नव्हतं.’

मग ती बोटांच्या पेरांवर मोजू लागली. श्रावणातले शुक्रवार, गौरी, नवरात्रातली घरं, मार्गशीर्षातले गुरुवार. चौदा झाली. चौदा घरांत ती सवाष्ण म्हणून जेवली होती, आणि माझ्या लेखी ती चौदा जेवणं होती, तिच्या लेखी चौदा पापं. मी म्हटलं, असलं काही नसतं, पाप लागलं तर मला लागेल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘सारी दुनिया मरायला काशीत येते,’ ती म्हणाली. ‘मी इथे बसले होते. तुम्ही राख तरी मागवायची होतीत.’

तिला रडू आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने राहिलेली डाळ मापली, पिशव्या बांधल्या, कागद घडी करून कमरेला खोचले आणि गेली.

नंदाला तिने स्वतःच जाऊन सांगितलं. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, दारातूनच सांगितलं आणि हात जोडले. माझं नाव घेतलं नाही. ते नंदाने मला विचारून माझ्याकडूनच काढून घेतलं. मला वाटलं होतं ती अवनीच्या लग्नावरून आकांडतांडव करील. ती खुर्चीत बसून हमसून हमसून रडली आणि म्हणाली, ‘मला बोलायचं होतंत पद्माताई. सवाष्ण नाही तर नाही, मी तिला रोज आपल्या ताटातलं वाढलं असतं. तुम्ही आम्हाला इतकं हलकं समजलात?’ ती खरं बोलत होती की वेळ गेल्यावर तसं वाटत होतं, कोण जाणे. मी कधी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आता ते कळायचा मार्ग नाही.

नंदा तिच्याकडे डबा घेऊन गेली, प्रेमलेने दार उघडलं नाही. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा आतून आवाज आला, ‘मी ठीक आहे, तुम्ही जा.’ अवनीचं लग्न चार सवाष्णींनी कुटलेल्या हळदीवर झालं, पाचवी शोधण्यात कोणाचं मन लागलं नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी प्रेमलेच्या दाराखालून आमंत्रण सरकवलं. हॉल भरला होता, तीळगूळ होता, बायका उखाणे घेत होत्या. मी दाराकडे बघत होते. ती आली नाही. तिच्या वाती घेणारा दुकानदार म्हणाला, महिनाभर ती त्याच्याकडेही आलेली नाही.

त्यानंतरच्या शनिवारी दाट धुकं होतं. दहा वाजले तरी गल्लीत समोरचं दार दिसत नव्हतं. रांग नेहमीपेक्षा मोठी होती, सगळ्या बायका डोक्यावरून शाली ओढून उभ्या. मी टेबलाशी बसून नावं टिपत होते. एक झाली, पुढची आली, तिने कापडी पिशवी टेबलावर ठेवली. मी हातावरून ओळखलं. हातात बांगडी नव्हती आणि मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं.

‘प्रेमला,’ मी उठून उभी राहिले. ‘अगं, तू रांगेत कशाला? आत ये. बस. चहा घे आधी.’

आपसात आम्ही मराठी बोलतो. रांगेतल्या बायकांशी हिंदी. प्रेमलेने मान वर केली नाही. रांगेतल्या बायका उभ्या राहतात तशीच ती उभी होती, शालीचं टोक दातात धरून.

‘दीदी,’ ती म्हणाली, ‘पहली बार आए हैं। नाम लिख लीजिए।’

मी आणखी एकदा तिला हाक मारली, मराठीत. ती तशीच थांबून राहिली. मागची बाई कुरकुरली, थंडीत किती वेळ उभं ठेवणार. आता सगळे माझ्याकडे बघत होते. हीच पिशवी एके काळी मी तिच्या हातात कोंबली होती, आज ती स्वतः मागत होती, आणि ती भरून देण्याची मला हिंमत होत नव्हती.

मी खाली बसले. नाव लिहिलं. नव्या माणसाला विचारायचंच असतं म्हणून मग विचारलं, हिंदीतच, घर में कितने लोग हैं.