खिडकीत अडकवलेले धोपाटणे

मित्रांनो, मी एक जुने धोपाटणे आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलेही नसेल. हातभर लांब, एका टोकाला मूठ, दुसऱ्या टोकाला चपटे, असे मी लाकडाचे. ओला कपडा दगडावर ठेवायचा आणि माझ्याने बडवायचा, एवढाच माझा जन्माचा उद्योग. गोडीगुलाबीने मी कधी कुणाचे काम केले नाही. मी मारले, म्हणून मळ निघाला.

माझा जन्मही मारझोडीतच झाला. सुताराने ओंडका कुऱ्हाडीने फोडला, तासला, रंध्याने माझी पाठ सोलली आणि मला एका धुलाईवाल्याच्या हाती दिले. त्याला सगळे आप्पा म्हणत. पहिल्याच दिवशी त्याने मला एका जाड कोटावर असे आपटले की कोटाचे बटण उडून त्याच्याच कपाळावर बसले. टेंगूळ चोळत तो सुताराला म्हणाला, हे बरे आहे, याला राग आहे. माझ्या अंगावर मूठभर मांस चढले.

ते दिवस सोडा आणि साबणाचे होते. सोड्याने आप्पाच्या बोटांना चिरा पडत आणि त्यातून रक्त येई. तरी तो शिव्या देत, हुंकार भरत सकाळपासून दुपारपर्यंत मला चालवी. बिछान्याच्या चादरी, कसायाचे एप्रन, इस्पितळातली रक्ताळलेली कापडे, सगळ्यांना मी सारखाच चोप दिला. कितीतरी शिवणी उसवल्या, कितीतरी कॉलर फाटल्या. आज वाईट वाटते, पण तेव्हा मला त्याचा अभिमान होता.

आप्पाची खरी कीर्ती मात्र माझी नव्हती, त्याच्या नाकाची होती. गाठोडे हुंगून तो कपडे कोणत्या घरचे ते सांगे. द्रावण नुसते हुंगून त्यात काय आहे आणि किती आहे हे ओळखे. गावभर त्याला ‘नाकवाला’ म्हणत. बाटलीवरचे नाव त्याने कधी वाचले नाही. वाचायची गरज अडाण्याला, असे तो म्हणायचा. स्वतःला फक्त सही करता येते, हे तो सोयीने विसरायचा.

आप्पाला एकच मुलगा. विशीतला, शांत, पण डोक्यात सतत काहीतरी नवे. एके सकाळी अंगणात चार गिऱ्हाइके उभी असताना त्याने कोमट पाण्यात मूठभर नवी पावडर टाकली आणि खानावळवाल्याचा तेलकट टेबलक्लॉथ त्यात बुडवून ठेवला. तासाभराने तो नुसता चोळून पिळला. डाग गेला होता. खानावळवाल्याने थट्टेने विचारले, मग आप्पा, इतकी वर्षे तुम्ही आमचे कपडे उगाच बडवत होता की काय? सगळे हसले. मुलगाही हसला.

आप्पाच्या नाकावर राग आधीपासूनच होता. त्याने मला उचलले आणि पोराच्या डोक्याच्या दिशेने हाणले. पोराने डावा हात मध्ये घातला. ओल्या कपड्यावर पडल्याचा आवाज मला पाठ होता. हा आवाज तसा नव्हता. मित्रांनो, हाड मोडलेले मला आतून कळले. मी लाकूड असूनही मला ते सोसवले नाही.

तो हात पुढे जोडला गेला, पण मनगटापाशी वाकडाच राहिला. आप्पाने माफी मागितली नाही. त्याने मला धुतले, मागच्या खोलीत खिळा ठोकला आणि मला त्यावर टांगले. त्यानंतर अठरा वर्षे त्याने मला हात लावला नाही. बापलेक एकाच छपराखाली काम करत, पण बोलणे कामापुरतेच. पुढे सून आली, मग तेही तिच्या तोंडून चाले. “आप्पांना सांग, चादरी वाळल्या.” “त्याला सांग, मला दिसतायत.” दोघांच्या मध्ये ती उभी असायची.

सूनबाई लग्नाआधी एका साबणाच्या कारखान्यात तपासणीच्या खोलीत कामाला होती. तिच्यामुळे मला खिळ्यावर बसल्या बसल्या नव्या विद्येची ओळख झाली. अंगणातला दगड गेला, मागच्या खोलीत मोठी यंत्रे आली. सूनबाई कामाच्या बायकांना समजावून सांगे. पावडरीतली एन्झाइम रक्ताचे, दुधाचे, घामाचे डाग कुरतडून त्यांचे तुकडे करतात. ब्लीच रंगाला ठार करते. एक द्रव्य कपड्याला चिकटून बसते आणि डोळ्यांना न दिसणारा उजेड निळसर करून परत फेकते, म्हणून जुनी चादर नव्यासारखी पांढरी वाटते. शेवटच्या पाण्यात एक आम्ल घालतात, ते कपड्यात उरलेल्या क्षाराला मारते. त्याला आमच्याकडे सगळे नुसते ‘आंबट’ म्हणत. सर्वांत शेवटी सॉफ्टनर. तो धाग्यांवर पातळ थर चढवतो, म्हणून टॉवेल मऊ लागतो, पण मग पाणी नीट शोषत नाही.

हे ऐकून मला हसू यायचे. लोक मला रानटी म्हणून भिंतीवर टांगून मोकळे झाले होते आणि इकडे प्रत्येक कॅनमध्ये कुणीतरी कुणाचा जीव घेत होते. खोटे कशाला बोलू, थोडा मत्सरही होता. कालची आलेली पावडर, कानामागून आली आणि तिखट झाली.

पण ब्लीचला मी कधी हसले नाही. आप्पा ते उघड्या हातांनी ओतायचा, नाक कॅनच्या तोंडाला लावून. हातमोजे घाला, असे सूनबाई शंभरदा म्हणाली असेल. त्याच्या हातांची साले निघत, डोळे लाल होत, शर्टावर पांढरे डाग पडून तिथे भोके पडत. आणि एके दिवशी मी पाहिले, शेगडीवर दूध उतू जाऊन करपले, खोलीभर धूर झाला आणि त्याकडे पाठ करून बसलेला आप्पा निवांत बटणे निवडत राहिला. सून धावत आली तेव्हा तो दचकला. मग म्हणाला, मला आधीच कळले होते, मुद्दाम उठलो नाही.

मी मात्र ओळखले. त्याचे नाक गेले होते. मला बोलता आले असते तर मी ओरडून सांगितले असते.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, कारण घात तिनेच केला. माल देणारा रिकामे कॅन परत नेई. सगळे कॅन सारखेच, पांढरे. ओल्या खोलीत त्यांच्यावरचे कागद दोन दिवसांत गळून पडत. आठवडा संपला की एकाच द्रव्याचे अर्धेमुर्धे उरलेले कॅन एकमेकांत ओतून रिकामे करायचे, आणि कशात काय आहे हे आप्पाने हुंगून सांगायचे. सूनबाईने यावर तोडगा काढला. तिने कॅनच्या गळ्यात चिंध्या बांधल्या. ब्लीचला लाल, आंबटाला पिवळी, सॉफ्टनरला निळी. माल घेऊन आलेला टेम्पोवाला ते पाहून म्हणाला, नाकवाल्याच्या घरी चिंध्या? झाले. तो गेल्यावर आप्पाने सगळ्या चिंध्या ओढून काढल्या आणि चुलीत घातल्या. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, तशातली गत.

त्या दुपारी बाहेर धुळीचे वादळ सुटले होते. धुतलेल्या चादरींवर धूळ बसू नये म्हणून मुलाने मागच्या खोलीची खिडकी आणि सरकते दार घट्ट लावून घेतले. सूनबाई पुढे इस्त्रीवर होती. मुलगा कोपऱ्यात, खिडकीखाली, वाळवणीच्या यंत्रामागे जमिनीवर बसून साचलेले कापसाचे पुंजके काढत होता. आप्पाने दोन अर्धे कॅन जवळ ओढले. एक हुंगला. दुसरा हुंगला. मान डोलावली. ब्लीच समजून त्याने आंबटाचा कॅन ब्लीचच्या कॅनमध्ये रिकामा केला.

कॅन खदखदला. तोंडातून फेस उसळला आणि हिरवट पिवळा धूर भसाभसा बाहेर आला. हा वायू हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीवरून पसरतो. म्हणून पहिला घाला मुलावर पडला. त्याला एकदा खोकला आला, मग खोकताही येईना. तो गळा धरून तिथेच कोसळला. आप्पाने दार ओढले. दाराचे चाक रुळावरून उतरले आणि दार तिरके होऊन बसले. आप्पाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, तोंडातून फेस येत होता. त्याने भिंत चाचपली आणि त्याच्या हाताला मी लागले.

अठरा वर्षांनी त्याने माझी मूठ धरली. पूर्वीइतकीच घट्ट धरली. मला डोक्यावर उगारून तो धुरातून मुलाच्या अंगावर गेला. मुलाने डोळे किलकिले केले, बापाला पाहिले, मला पाहिले. आणि त्याने वाकडा हात डोक्यावर घेऊन अंग चोरले.

मित्रांनो, मी आयुष्यात पुष्कळ घाव घातले, पण तेवढा एक क्षण मला विसरता येत नाही.

आप्पाने मला त्याच्या डोक्यावरून खिडकीवर हाणले. काच फुटली. पुन्हा हाणले, चौकटीची मधली पट्टी तुटली. तिसऱ्या घावाला मी मुठीपासून अर्ध्यापर्यंत चिरले. काचांनी आप्पाचे हात फाटले, रक्त माझ्या चिरेत उतरले. आवाज ऐकून सूनबाई बाहेरून वळसा घालून आली. आप्पाने मुलाला खालून उचलले, तिने बाहेरून ओढले. मग तिने आप्पाला दंडाला धरून ओढले. मी त्याच्या मुठीतच होते.

अंगणात दोघे शेजारी शेजारी पडले. सूनबाई त्यांच्या डोळ्यांवर पाणी ओतत होती आणि रुग्णवाहिकेसाठी शेजाऱ्यांना हाका मारत होती. बऱ्याच वेळाने मुलाच्या तोंडून शब्द फुटले.

“मला वाटलं, तुम्ही पुन्हा मारताय.”

आप्पाने मला खाली टाकले. त्याचा श्वास फाटत होता.

“दोन वर्षं झाली, मला कसलाच वास येत नाही,” तो म्हणाला. “ज्याचा हात मोडला, त्याच्यापुढे माझं मोडलेलं नाक कसं दाखवू, बाळा?”

त्या दोघांमध्ये तेव्हा कुणी उभे नव्हते. मुलाने वाकडा हात पुढे केला आणि बापाच्या रक्ताळलेल्या हातावर ठेवला. रुग्णवाहिका येईपर्यंत तो तसाच राहिला.

दोघे वाचले. आप्पाला जिना चढताना आजही धाप लागते. इस्पितळातून आल्यावर पहिल्याच सकाळी त्याने कात्री मागितली, स्वतःचा जुना लाल शर्ट फाडला आणि ब्लीचच्या प्रत्येक कॅनला चिंधी बांधली. पिवळ्या आणि निळ्यासाठी सूनबाईकडे कापड मागितले. अर्धे कॅन एकत्र करायची रीत त्या दिवसापासून बंद झाली. मला चुलीत घाला, असे आप्पा म्हणाला होता. मुलाने नाही म्हटले.

मागच्या खोलीला आता नवी खिडकी आहे. ती कधीच पूर्ण लागू नये म्हणून मुलाने मला तिच्या फटीत अडकवले आहे. तिथूनच मी तुमच्याशी बोलते आहे.

तेव्हा मित्रांनो, एवढे ऐका. तुमच्या घरातल्या बाटलीवरचे नाव पुसले असेल तर आजच पुन्हा लिहा. ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळू नका, कितीही थोडे उरलेले असो. आणि घरात कुणाचे काही गेले असेल, नाक, कान, नजर, तर त्याला हसू नका. त्याला ते सांगता आले पाहिजे.

वारा सुटला की खिडकी धाडकन माझ्यावर आदळते. चीर थोडी वाढते. इतकी वर्षे मी मार दिला, आता खाते आहे. आप्पा खाली टॉवेलांच्या घड्या घालत असतो. आवाज झाला की तो वर बघतो आणि मुलाला म्हणतो, “बघ रे, धोपाटणं नीट बसलंय ना?” मुलगा वाकड्या हाताने मला पुन्हा फटीत नीट बसवतो.